जाड पत्र निळ्या पाकिटातलं

हेरकथेवरच्या त्या मालिकेत नायिका शत्रूचं पाकीट उघडते, तेव्हा पडद्यावर जे हात दिसतात ते तिचे नाहीत. तिची नखं लांब होती आणि तिने पहिल्याच दिवशी तीन पाकिटं फाडली. ते हात माझ्या आत्याचे आहेत. साठी उलटलेल्या बाईचे हात तिशीतल्या नटीला कसे चालले, असं कुणी विचारलं तर मी सांगते की बोटांना थोडा रंग लावला होता आणि प्रकाश बाजूने टाकला होता. आत्या मात्र म्हणते, "बघणारे पाकिटाकडे बघतात. हातांकडे कोण बघतंय?"

मी बघत आले आहे, लहानपणापासून. आणि त्या हातांशेजारी बसणाऱ्या एका माणसाने स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर खपवली, हे कळल्यापासून तर जास्तच.

आत्या टपाल कचेरीत होती. पहिल्या मजल्यावर, टपाल वाटणीच्या हॉलमागे एक खोली होती, तिच्या दारावर 'जुने नमुने' अशी पाटी होती. आत नमुने बिमुने काही नव्हते. आत एक लांब टेबल, विजेची किटली, हाडाची पातळ सुरी, टिपकागद, ब्रश आणि डिंकाची बरणी. सरकारची ज्यांच्यावर नजर होती त्यांची पत्रं तिथे यायची. किटलीच्या वाफेवर पाकीट धरायचं, सुरीने तोंडावरची चिकटलेली झाप सोडवायची, मजकूर उतरवून घ्यायचा, पत्र परत घालून पाकीट असं चिकटवायचं की पाठवणाऱ्याच्या बापालाही कळू नये. सगळं दीड तासात, कारण दुपारच्या वाटणीला पिशवी खाली जायला हवी. टेबलाशी तिघंच होते. साहेब, माझे बाबा आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. चिकटवण्याचं काम तिचं, म्हणून साहेब तिला 'डिंक' म्हणायचे. पाच वर्षांत त्यांनी तिला खऱ्या नावाने एकदाही हाक मारली नाही.

त्या खोलीचा एकच नियम होता, टेबलावर एका वेळी एकच उघडं पाकीट. दुसरं उघडायचं ते पहिलं बंद झाल्यावर. हा नियम बाबांनी भिंतीवर लिहून लावला होता.

मी सात वर्षांची असताना एके दिवशी नजरेखालच्या दोन माणसांची दोन पत्रं एकाच पिशवीतून आली. पिशवी उशिरा आली होती, खालून घाई चालली होती. साहेबांनी आत्याला पिशवी थोपवून धरायला खाली पिटाळलं आणि बाबांना म्हणाले, "सरक. दोन्ही एकदम उघडतो." बाबा म्हणाले नियम आहे. साहेब म्हणाले नियम साहेबांसाठी नसतात. झालं. त्यांनी दोन्ही पाकिटं उघडली, मजकूर उतरवला, पत्रं आत घातली आणि चिकटवली. बाबांनी पाकिटं हातात घेतली. निळं पाकीट मघाशी फुगलेलं होतं, ते आता सपाट होतं. ते म्हणाले, "साहेब, जाड पत्र निळ्या पाकिटातलं होतं." साहेब म्हणाले, "गाडी सुटतेय. पाठव."

पाठवली. दोघांना एकमेकांची पत्रं मिळाली. दोघांनाही एका क्षणात कळलं की आपलं टपाल कुणीतरी फोडतंय, आणि पंधरा दिवसांत दोघं देशाबाहेर. दोन वर्षांची पाळत पाण्यात गेली.

मग चौकशी. साहेब म्हणाले, पत्रं बदललीच नाहीत, मला कुणी काही बोललं नाही, बातमी आतूनच फुटली. आत म्हणजे कोण, तर बाबा. एका पायाने लंगडणारा, डब्याला झाकण उडू नये म्हणून सुतळी बांधणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. साहेबांचा शब्द एका बाजूला आणि कारकुनाचा दुसऱ्या. कुणाचा खरा धरणार? बाबांची नोकरी गेली. आत्याने दुसऱ्या दिवशी राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो न वाचता बाजूला सारला, हे ती अजून विसरलेली नाही.

आम्ही तिघंच होतो घरात, आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली होती. शाळेत मला 'फितुराची पोर' म्हणायचे. मी एकीच्या कानाखाली वाजवली आणि घरी आले, तेव्हा बाबांनी मला समजावलं आणि आत्याने मला विचारलं, "नीट लागली ना?" दोघांत हा एवढा फरक होता. बाबा चार वर्षांनी गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. आम्हाला दोघींना कारण वेगळं माहीत होतं.

आत्या पुस्तकं बांधणाऱ्या एका दुकानात लागली. ब्रश तोच, बरणी तीच. संध्याकाळी जेवणं झाली की ती टेबलावर दोन पाकिटं मांडायची, उघडायची, बंद करायची. परत उघडायची. मला वाटायचं हिचं डोकं फिरलंय. ती शोधत होती, साहेबांचा हात नेमका चुकला कुठे? पाच वर्षं त्या हातांशेजारी बसलेली बाई ती, त्यांची प्रत्येक लकब तिला पाठ. आणि एक दिवस तिला सापडलं. साहेब पाकिटं डावीकडून उजवीकडे मांडायचे, पण पत्रं मात्र एकावर एक ठेवायचे. डावं पाकीट आधी उघडलं की त्यातलं पत्र खाली, उजव्यातलं त्याच्यावर. बंद करताना परत डावीकडून सुरुवात, आणि हाताला आधी लागतं ते वरचं पत्र. एकच पाकीट उघडं असेल तर काही बिघडत नाही. दोन असली की दर वेळी अदलाबदल होणारच. "दर वेळी," ती मला म्हणाली. "हा माणूस आजही तेच करेल. सवय मरत नाही." मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. कळून करायचं काय? दोघीही हात चोळत बसलो.

साहेब मानाने निवृत्त झाले आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांनी कादंबरी लिहिली. ती आमच्या घरी विकत आली नाही. ती आत्याच्या दुकानात आली, वाचनालयातून, पाच प्रती, वाचून वाचून शिवण उसवलेल्या. इतकी खपली होती. आत्याने बांधायला घेताना पान उघडलं आणि तिथेच उभ्या उभ्या वाचत राहिली. त्यात एक देखणा अधिकारी दोन्ही हातांनी दोन पाकिटं एकदम उघडतो आणि देश वाचवतो. आणि एक लंगडा कारकून असतो, डब्याला सुतळी बांधणारा, तो त्याच रात्री शत्रूला खबर देतो. डबा उघडून आतल्या नोटा मोजतो म्हणे. नाव बदललं होतं, बाकी काहीही नाही. सुतळीसुद्धा ठेवली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "उलटी बांध. पानं मागेपुढे कर. पाचही."

आत्या म्हणाली, "पुस्तकाने काय घोडं मारलंय? कागद चांगला आहे." आणि तिने पाचही प्रती अशा बांधल्या की त्या वाचनालयात माझ्यानंतरही टिकतील. मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं की ती पुस्तकावर डिंक वाया घालवणार नाही, माणसासाठी राखून ठेवतेय.

मग त्या कादंबरीवर मालिका आली. जुन्या टपाल कचेरीतच चित्रीकरण ठरलं आणि निवृत्तांच्या संघटनेच्या फळ्यावर कागद लागला, पत्र उघडायची जुनी पद्धत माहीत असणारं कुणी हवंय. आत्याने इस्त्री केलेले कपडे घातले आणि गेली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, मला सोमवारी सुट्टी असते, म्हणून सोमवारी मी तिच्याबरोबर जायचे.

साहेब तिथे सल्लागार होते. शहात्तर वर्षांचे, ताठ, गळ्यात रेशमी रुमाल. सगळे त्यांना अदबीने चहा आणून देत. पहिले दोन दिवस त्यांनी आत्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, ती किटलीवर पाकीट धरून बसली होती, ते मागून आले आणि थबकले. चेहऱ्यावरून नाही, हातांवरून ओळखलं.

"अगं डिंक! आहेस होय अजून?"

"आहे की, साहेब."

"तुझ्या भावाचं वाईट झालं हं. पण मी नाव बदललं पुस्तकात. तेवढं सांभाळलं मी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यांच्या चहाच्या कपाचं मी काय केलं असतं ते लिहिण्यासारखं नाही. आत्या हसली. तिच्या तोंडावर इतकं गोड हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"उपकार झाले, साहेब," ती म्हणाली.

परत येताना बसमध्ये मी दातओठ खात होते. आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सहाव्या भागात दोन पाकिटांचा प्रसंग आहे. त्यांना तो एका दमात हवाय, न थांबता. हात माझे असणार आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "पण पुढच्या सोमवारी माझी बोटं दुखणार आहेत."

सोमवारी तिची बोटं दुखली. दिग्दर्शिकेने डोक्याला हात लावला. ती बिचारी चांगली बाई, पण वेळेच्या मागे धावून तिची दमछाक झाली होती. आत्या म्हणाली, "अहो, मग साहेब आहेत ना. कादंबरीत साहेबांनीच उघडलीत दोन्ही. असा हात मी उभ्या जन्मात पाहिला नाही. माझं काय, मी आपली चिकटवणारी." साहेब नको नको म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा कुणी विचारायच्या आत त्यांनी कोट चढवला. माणूस हरभऱ्याच्या झाडावर किती झटपट चढतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मोठ्या अधिकाऱ्याचा छोटासा प्रसंग त्यांच्यासाठी तिथल्या तिथे बेतला गेला आणि त्यांच्या कॉलरला माइक लावला.

सामानवाल्याने दोन सारखी पांढरी पाकिटं आणली होती. आत्या म्हणाली, पडद्यावर वेगळी दिसायला हवीत, एक निळं करा. निळ्यात चार पानी पत्र घातलं, पांढऱ्यात एक पानी. निळं डावीकडे ठेवलं.

साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याने वय दिसतं ना! मी त्यांची भिंगं आधीच पाहून ठेवली होती. त्या नंबराच्या माणसाला चष्म्याविना हातभर अंतरावरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. पण मनात धाकधूक होती. त्यांनी उजवीकडून सुरुवात केली तर? आज चुकून पत्रं शेजारी शेजारी ठेवली तर? मग बाबा कायमचे फितूर, आणि या वेळी घराघरात, पडद्यावर, संगीतासकट. मी ध्वनिमुद्रकाच्या मागे उभी होते. त्याने भला माणूस म्हणून मला एक जादा हेडफोन दिला होता. साहेबांचा श्वास माझ्या कानात वाजत होता.

सुरू झालं. हात खरंच सफाईचा होता, ते नाकारत नाही. निळं वाफेवर, सुरी, झाप सुटली, चार पानी पत्र बाहेर, टेबलावर. मग पांढरं. एक पानी पत्र बाहेर.

ते त्यांनी पहिल्याच्या वर ठेवलं.

आत्या चौकटीच्या बाहेर, किटलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. साहेबांनी वाचल्यासारखं केलं, उतरवल्यासारखं केलं आणि हात डावीकडे गेला. निळं पाकीट. वरचं पत्र. आत. ब्रश. मग पांढरं आणि जाडजूड चार पानं, कोंबून. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तेव्हा आत्या बोलली, शांतपणे, बाबांच्याच शब्दांत.

"साहेब, जाड पत्र निळ्या पाकिटातलं होतं."

"गप्प बस!" ते मागे वळूनही न बघता खेकसले. "तुझा भाऊही त्या दिवशी हेच टुमणं लावून बसला होता. जाड पत्र, जाड पत्र! इथे गाडी सुटतेय आणि याचं जाड पत्र!"

माझ्या कानात ते एवढ्या जोरात वाजलं की मी हेडफोन धरून तशीच उभी राहिले. ध्वनिमुद्रकाने माझ्याकडे पाहिलं. दिग्दर्शिका 'कट' म्हणायचं विसरली होती. पटकथा लिहिणारे गृहस्थ, टकलावर चष्मा चढवलेले, हातातलं पुस्तक चाळत पुढे आले आणि अगदी सरळपणे म्हणाले, "पण साहेब, कादंबरीत तर कारकून तुम्हाला काहीच बोलत नाही. चौकशीतही तुम्ही तसंच सांगितल्याचं लिहिलंय."

दिग्दर्शिकेने टेबलाशी जाऊन निळं पाकीट उघडलं. आतून एक पान निघालं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हा शब्दप्रयोग मी आधी शंभरदा वाचला होता, पाहिला त्या दिवशी. ओठ कोरडे पडले आणि जीभ नुसतीच फिरत राहिली. मग म्हणाले, मी अभिनय करत होतो. मग म्हणाले, ते काढून टाका. मग आवाज चढवला. पण चित्रीकरणात जे टिपलं जाईल ते निर्मात्यांचं, असा कागद त्यांनी स्वतःच सहीसकट दिलेला होता. कोर्टात जाईन म्हणाले. जावं की. तिथे जाऊन सांगायचं काय, की मी जे बोललो ते बोललो नाही?

आत्या उठली, किटलीचं बटण बंद केलं आणि पटकथाकारांपुढे बसली. बोटं अजिबात दुखत नव्हती. तिने दोन तास सांगितलं.

सातवा भाग बदलला. त्यात लंगडा कारकून म्हणतो, साहेब, जाड पत्र निळ्या पाकिटातलं होतं. अधिकारी म्हणतो, पाठव. आणि शेवटी कारकून डब्याला सुतळी बांधतो आणि जिना उतरतो, एक पाय ओढत, कितीतरी वेळ. आम्ही दोघी घरी बघत होतो. आत्या म्हणाली, "दादा डावा पाय ओढायचा. यांनी उजवा केला." आणि मग ती रडली, माझ्या समोर पहिल्यांदाच.

मालिकेच्या आधी काही दिवस सेटवरचा किस्सा वर्तमानपत्रात छापून आला होताच. साहेबांचे सत्कार रद्द झाले, कादंबरीची नवी आवृत्ती थांबली. मला आनंद झाला, उगाच मोठेपणा कशाला मिरवू? बाबांबरोबर काम केलेला एक म्हातारा पोस्टमन दारात येऊन उभा राहिला. "तुझ्या बापाशी मी बोलणं सोडलं होतं," म्हणाला. मी आत बोलवणार होते. आत्या मागून म्हणाली, "एकतीस वर्षांनी आठवलं होय? उभं राहून दमला असाल. या आता." आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मग साहेबांचं पत्र आलं, जाड कागदाचं पाकीट, मागे त्यांचा पत्ता. आत्याने किटली लावली.

"आपलंच तर आहे, फाडून उघड," मी म्हटलं.

"तसं नाही."

वाफेवर धरलं, झाप सोडवली, पत्र वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. दोन पानं होती. म्हातारपण, एकटेपण, लोक तोंड फिरवतात, तू एकदा सगळ्यांना सांग की तो अभिनय होता, तुला त्रास झाला असेल तर क्षमस्व. बाबांचा उल्लेख दोन्ही पानांत कुठेच नव्हता.

आत्या उठली. तिने कपाटातून बाबांचा डबा काढला, सुतळीसकट. त्यात एक पाकीट होतं, ते मला ठाऊक होतं. चौकशीच्या आधी बाबांनी साहेबांना लिहिलेलं आणि साहेबांनी 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवलेलं. बाबांनी ते उघडलं नाही आणि आत्यानेही नाही. सगळ्या जगाची पत्रं उघडलेली बाई, घरातलं हे एक पाकीट तिने एकतीस वर्षं बंद ठेवलं होतं. ते तिने आता वाफेवर धरलं.

बाबांचं अक्षर बारीक होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'साहेब, चूक तुमच्या हातून झाली हे मी कुणाला सांगणार नाही. पत्रं मी बदलली असं म्हणा, मी कबूल करतो. नोकरी गेली तरी चालेल. फक्त फितूर म्हणू नका. माझी मुलगी सात वर्षांची आहे.'

मला पुढचं दिसेना. आत्याने ते पत्र माझ्या हातातून हळूच काढून घेतलं, साहेबांच्या पाकिटात घातलं, झापेच्या कडेने ब्रश फिरवला आणि अंगठ्याने दाबत नेलं. कुठे सुरकुती नाही, डाग नाही. वर तिने लिहिलं, घेण्यास नकार.

साहेबांना वाटेल आपलंच पत्र न उघडता परत आलं. चष्मा लावून ते पाकीट फोडतील. साहेबांची दोन पानं आत्याने दुमडून बाबांच्या रिकाम्या पाकिटात सरकवली, ते डब्यात ठेवलं आणि वर सुतळी बांधली.

"जा," ती मला म्हणाली, "दुपारच्या वाटणीला मिळायला हवं."